माहेरचा वकील

वकील निवडताना मी त्याची डिग्री विचारली नाही, किती दावे चालवले तेही विचारलं नाही. "तू कुणाचा रे?" एवढंच विचारलं. त्यानं बापाचं नाव सांगितलं, आळी सांगितली, आमच्या परसातल्या बोरीची बोरं चोरून खाल्ल्याचं सांगितलं. झालं. निलंग्याच्या कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीशेजारच्या बाकड्यावर बसल्या बसल्या मी वकीलपत्रावर सही करून टाकली.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, पोरं मार्गी लागलेली, नांदेडला स्वतःच्या घरात राहणारी बाई होते. या वयात बाई शहाणी होते असं म्हणतात. मी झाले नव्हते. पर्समध्ये चष्मा असायचा, पण चारचौघांत लावायचा नाही, कारण चष्मा लावला की वय दिसतं. कोर्टात जाताना इरकली नेसायची, अंबाड्यावर शेवंती माळायची. जणू लग्नालाच निघाले आहे. आता त्या बाईकडं बघून मला राग येत नाही, हसूच येतं. एखाद्या दिवशी भेटली तर तिच्या अंबाड्यातली शेवंती मी आधी काढून टाकीन.

दावा भावावर होता. आमचे वडील गेले आणि निलंग्याकडच्या गावातल्या जमिनीवर वारस म्हणून भावानं एकट्याचंच नाव लावून घेतलं. आमच्याकडं बहिणीनं हक्कसोड करून द्यायची रीत आहे. भाऊ साडीचोळी करतो, बहीण कागदावर सही करते, आणि पुढं जन्मभर दिवाळीला न्यायला गाडी येते. माझ्या दोन्ही नणंदांनी केली, जावांनी केली. मला विचारलं असतं तर मीही केली असती, वर गळ्यात पडून रडले असते. पण विचारलंच नाही. वडिलांना मूल एकच होतं असं कागदावर करून टाकलं. जमीन गेली त्याचं एवढं नाही, पण आपण जन्मालाच आलो नव्हतो असं कुणी परस्पर लिहून मोकळं झालं, ते मला पचलं नाही.

म्हणून दावा लावला. आणि वकील घेतला माहेरचा.

का, तर माहेरच्या गावचा प्रत्येक पुरुष भाऊ लागतो. तो मला "अक्का" म्हणायचा. आमच्या त्या भागात कानडी हद्द जवळ, थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. नांदेडला मला अक्का म्हणणारं कुणी नव्हतं. काकू होते, वहिनी होते, आजी व्हायच्या बेतात होते. त्यानं "अक्का" म्हणलं की मी विरघळायचे. तारखेला जाताना त्याच्यासाठी धपाटे न्यायचे, ठेच्याची डबी न्यायचे. तो काय लिहितो, काय बोलतो, विचारायचं नाही. माहेरच्या माणसाला असं विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. ज्याच्यावर दावा लावलाय तो माझा भाऊही त्याच गावचा आहे, हे एवढं साधं मला सुचलं नाही! मला हा वकील महिन्यातून एकदा भेटायचा. भावाला तर पारावर रोज भेटत असणार.

आमचे हे तेव्हा म्हणाले होते, "अगं, वकील लातूरचा बघ, उदगीरचा बघ. त्या गावचा कशाला?"

"तुम्हाला माझ्या माहेरचं काही चांगलं दिसतच नाही," मी म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य कुठल्याही वादात चालतं.

एका तारखेला त्यानं सह्यांसाठी कागद पुढं केले. "अक्का, इथं, इथं, आन् खाली इथं." दोन एकावर एक होते, एक वेगळा होता. चष्मा पर्समध्येच. मी वळणदार सही केली, शेवटी रेघ ओढली, रेघेखाली दोन टिंबं दिली. ती टिंबं मला फार भारदस्त वाटायची.

पुढच्या तारखेला गेले तर कोर्टातल्या यादीत आमचा नंबरच नाही. आतल्या कारकुनाला विचारलं. त्यानं वर न बघताच सांगितलं, "तो दावा मागंच निकाली निघाला. वादीनं काढून घेतला."

"वादी कोण?"

आता त्यानं वर बघितलं. "बाई, वादी तुमीच की."

पुरसीस म्हणजे कोर्टात द्यायचं दोन ओळींचं लेखी निवेदन, हे मला त्या दिवशी कळलं. त्यात लिहिलं होतं की मला दावा पुढं चालवायचा नाही, भावाविरुद्ध माझी काही तक्रार उरलेली नाही. खाली माझी सही, रेघ, दोन टिंबं.

वकिलाला बाररूमच्या पायऱ्यांवर गाठला. तो जराही गडबडला नाही. "अक्का, उगं कशाला टेन्शन घेऊलालाव? तुमीच तर म्हणलाव, भावासंगं भांडून मला काय करायचंय, जमीन काय डोक्यावर घेऊन जायचीय का."

आणि खरंच, मी म्हणाले होते. पंचाईत तीच तर होती. टपरीपाशी पाच-सहा बायाबापड्या बसलेल्या असायच्या, आणि मला चांगलं दिसायची भारी हौस. "भाऊ तो भाऊच, त्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही" असं मी मोठ्यानं म्हणायचे, आणि कुणी "किती मोठं मन" म्हणालं की दिवस सोन्याचा जायचा. पण ते बोलणं होतं. दावा काढून घे, असं मी सांगितलेलं नव्हतं. की सांगितलं होतं? त्या दिवशी परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी आठवत बसले. वकिलावर संशय होता, भावावर होता, आणि तोंड सैल सोडणाऱ्या त्या शेवंतीवाल्या बाईवरही होता.

तेव्हापासून संशय माझ्याकडं मुक्कामाला आला तो गेलाच नाही. दूधवाल्यानं दूध मोजलं तरी मी मापाच्या बुडाकडं बघते.

दावा पुन्हा सुरू करावा म्हणून मी निलंग्याच्या कोर्टात अर्ज दिला. कोर्ट म्हणालं, फसवून सही घेतली याला आधार काय? मला कुणीतरी सांगितलं, वकिलाविरुद्ध तक्रार करायची तर वकिलांच्याच परिषदेकडं करायची असते, सनद देणं-काढणं त्यांच्या हातात. मी प्रतिज्ञापत्र केलं, प्रती काढल्या, रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पाठवतानाच मनात पाल चुकचुकली. वकिलाची तक्रार वकिलांकडं? सासूचं गाऱ्हाणं नेऊन सासऱ्याला सांगण्यासारखं. सासरा फार तर खाकरेल आणि म्हणेल, जेवण वाढा.

खाकरणं सुरू झालंच. निलंग्यातल्या एका ज्येष्ठ वकिलाचा फोन आला. याच्याशी माझी ओळख ना पाळख. "मावशी, पोरगं चांगलं हाय. मिटवून घ्या. पोटावर पाय कशाला देता?" माझा नंबर याला कुणी दिला? तक्रार परिषदेकडं पाठवलेली, निलंग्याला कशी कळली? मी विचारलं. त्यानं तब्येत कशी आहे विचारून फोन ठेवला.

मग पुष्कळ दिवस काही नाही. मी वाट बघत होते की बोलावतील, समोर बसवतील, "बाई, काय झालं ते सांगा" म्हणतील. मी भाषण तयार केलं होतं. आमच्या ह्यांना ते इतक्या वेळा ऐकवलं की माझं अडलं तर तेच पुढचं वाक्य सांगायचे. शेवटी एक पाकीट आलं. आत एक ओळ होती. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळून येत नाही, सबब निकाली. ना मला बोलावलं, ना कुणी काही विचारलं. तथ्य कुठं शोधलं आणि ते कसं सापडलं नाही, त्याचं एक अक्षर नाही.

त्यापुढचं वाईट असं की तीच ओळ भावाच्या वकिलानं निलंग्याच्या कोर्टात दाखल केली. "साहेब, वकिलांच्या परिषदेनंच म्हटलंय, काही फसवणूक झालेली नाही." मला न विचारता दिलेला निकाल माझ्याचविरुद्ध पुरावा होऊन उभा राहिला. ती ओळ पुसल्याशिवाय दावा परत उभा राहणार नाही, एवढं मला कळलं.

आता हायकोर्टात जायचं तर परत वकील आलाच. मी नांदेडच्या कोर्टाभोवती हिंडून एक पोरगी शोधली. नवीन होती, काळा कोट खांद्यावर सैल व्हायचा. पहिला प्रश्न मी सवयीनंच टाकला, पण आता उलट्या कारणानं.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"आजी, अजून सासरच न्हाई, तर माहेर कुठून आणू?"

"गाव सांग."

"इस्लापूर. किनवटकडं."

इस्लापुरात आमचं कुणी नाही. सोयरा नाही, धायरा नाही, जुन्या ओळखीतला मास्तरसुद्धा नाही. तिच्या आत्या-मावश्या कुठं दिल्या तेही काढून घेतलं. सगळ्या हदगाव नाहीतर आदिलाबादकडं. निलंग्याचा वाराही लागलेला नाही. म्हणलं, ठीक. पण एवढ्यावर भरवसा ठेवायचे दिवस गेले होते. तिला कागदांची चळत दिली तेव्हा मधात मी माझ्या हातानं लिहिलेलं एक पान घालून ठेवलं आणि घरी जाऊन फोनजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी फोन. "आजी, तुमच्या प्रतिज्ञापत्रानंतर आंब्याच्या लोणच्याचं प्रमाण आलंय. ते हायकोर्टात लावायचं का?"

"राहू दे, चुकून आलं असेल."

"चुकून नसंल आलं," ती म्हणाली. "आन् त्यात मोहरीची डाळ कमी धरलीय. लोणचं टिकणार न्हाई."

मी तिला अर्धा विश्वास दिला. उरलेला अर्धा जवळ ठेवला, लागला तर असू दे म्हणून.

हायकोर्टात आमच्यासमोर होता परिषदेचा वकील. सुनावणीच्या आधी जिन्यात तो आणि माझी पोरगी भेटले आणि दोघं हसले.

"काय हसलीस गं?"

"तो माझ्या सीनियरचा मित्र हाय आजी."

"म्हणजे?"

"म्हणजे काही न्हाई. माणसं हसतात."

माणसं हसतात! पायऱ्या चढेपर्यंत मी तिच्या पाठीकडं बघत होते. आत गेल्यावर न्यायमूर्तींवर संशय आला. हेही कधीतरी वकीलच होते की. खुर्ची बदलली म्हणून काय कोटाखालचं माणूस बदलतं? मी मागच्या बाकावर बसून सगळ्यांचे डोळे बघत राहिले, कोण कुणाकडं बघतं ते.

बोलणं निम्मं इंग्रजीत चाललं होतं. पण एक प्रश्न न्यायमूर्तींनी मराठीत विचारला. बहुतेक वैतागले होते.

"बाईंना बोलावलं होतं का?"

परिषदेचा वकील म्हणाला, "साहेब, रेकॉर्डवरून असं दिसून येतं की..."

"रेकॉर्ड बाजूला ठेवा. बोलावलं होतं का?"

"नाही, साहेब."

"कारण कुठं लिहिलंय?"

त्यानं पान उलटलं. उलटायला दुसरं पानच नव्हतं.

नंतर साहेबांनी इंग्रजीत निकाल सांगितला, तो शेजारी लिहून घेतला जात होता. बाहेर आल्यावर पोरीनं मला मराठीत समजावला. परिषदेला अधिकार आहे म्हणून कारण न देता तक्रार फेकून देता येत नाही. ती एक ओळ रद्द. बाईंचं ऐका, वकिलाचं ऐका, आणि जे ठरवाल त्याची कारणं लिहा. बाईंचं वय बघून सुनावणी जवळ कुठं ठेवता आली तर ठेवा. स्टेशनवर चहा पिताना मी तिला तेच परत सांगायला लावलं, आणि गाडी परभणी सोडून पुढं निघाली तेव्हा आणखी एकदा. खोटं असतं तर कुठंतरी फरक पडला असता. पडला नाही.

"म्हणजे परत त्यांच्याकडंच?" मी म्हणाले.

"हाव आजी."

"ज्यांनी फेकलं त्यांनीच उचलायचं?"

"समिती वेगळी असंल."

"वकीलच ना?"

"वकीलच," ती म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. मला तिचा हा गुण आवडतो. गोड करून सांगत नाही.

सुनावणी लातूरला विश्रामगृहाच्या एका खोलीत झाली. तिचा निकाल मी हे लिहीपर्यंत आलेला नाही, आणि येईल तेव्हा काय येईल याबद्दल मी कुणाशी पैज लावणार नाही. समितीत तिघं होते. अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, शेजारी एक वकीलबाई, आणि तिसरे मोबाईलमध्ये मान घातलेले. माझा माहेरचा वकील आधीच येऊन बसला होता. केस पिकले होते. मला बघून उठला आणि वाकून पायाला हात लावला. खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. मी मनात म्हणलं, पहिली सही तर इथंच घेतली यानं.

अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तुमच्या माहेरचाच माणूस आहे. आपसात काही होत असेल तर..."

"साहेब, माहेरचा म्हणूनच तर इथं आले. परका असता तर कागद वाचून घेतला असता."

वकीलबाई गालात हसल्या. मोबाईलवाल्यांनी मान वर केली.

मग अध्यक्षांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी इतकी वर्षं वाट बघत होते. "बरं, काय झालं ते तुम्ही सांगा." आणि बघा, तयार केलेलं भाषण जागेवरच नाही! एक वाक्य आठवेल तर शप्पथ. आमचे हे बाहेर बसलेले, सांगणार कोण? मी सरळ सांगितलं. बाकडं सांगितलं, कागद सांगितले, चष्मा लावला नव्हता तेही सांगितलं.

"भावाशी भांडायचं नाही असं तुम्ही म्हणाला होतात?" मोबाईलवाल्यांनी विचारलं. म्हणजे ऐकत होते.

"म्हणाले होते. अजूनही म्हणते. पण दावा काढून घे असं म्हणाले नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळायला पाहिजे होतं. आणि त्याला तर कॉलेजातच शिकवलं असेल."

अध्यक्ष त्याच्याकडं वळले. "पुरसीस यांना वाचून दाखवली?"

"साहेब, घरचा संबंध, मी यांना लहानपणापासून..."

"दाखवली का?"

"त्यांनी मागितलीच न्हाई."

"त्याआधी यांच्या भावाला भेटला होतात?"

"एकाच गावात ऱ्हातो साहेब. भेट होतीच."

कोपऱ्यातल्या टायपिस्टबाई सगळं इंग्रजीत उतरवून घेत होत्या. छापलेली पानं माझ्यासमोर आली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. बाहेर जेवणाच्या ताटांचा आवाज यायला लागला होता. "सही करा मावशी."

"यात काय लिहिलंय?"

"तुम्ही बोललात तेच."

"मागच्या खेपेलाही मला तेच वाटलं होतं."

"तुमच्या वकीलबाई सांगतील की समजावून."

पोरगी पुढं सरकली. मी तिला हातानं थांबवलं. "ही माझ्या बाजूची. हिनं सांगितलेलं उद्या कुणी म्हणंल, चुकीचं सांगितलं. यानं वाचावं." मी माहेरच्या वकिलाकडं बोट केलं. "मराठीत. मोठ्यानं."

समितीतल्या वकीलबाई अध्यक्षांना म्हणाल्या, "हरकत काय आहे?" अध्यक्षांनी ताटांच्या आवाजाकडं एकदा कान दिला आणि पानं त्याच्या हातात दिली. "वाचा हो."

तो वाचायला लागला. आवाज चांगला होता त्याचा, लहानपणी गावातल्या भजनात म्हणायचा. माझं नाव, वय, गाव. बाकडं आलं, टपरी आली, तीन कागद आले. मग "त्यानंतर पुढच्या तारखेला मी कोर्टात आले असता" असं तो म्हणाला.

"थांबा," माझी पोरगी त्याच्या खांद्यावरून कागदात बघत म्हणाली. "मधलं एक वाक्य राहिलं."

"नजरचुकीनं," तो म्हणाला.

"कुठलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यांनाच वाचू द्या," पोरगी म्हणाली.

त्यानं वाचलं. "सही घेताना यातला कुठलाही कागद माझ्या वकिलांनी मला वाचून दाखवला नाही." या वेळी आवाज भजनातला नव्हता.

अध्यक्षांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि टायपिस्टबाईंना म्हणाले, "वाचताना एक वाक्य सुटलं आणि निदर्शनास आणल्यावर वाचलं, हेही घ्या खाली." त्यांनी घेतलं. नवीन पान छापून आलं, गरम होतं अजून. अध्यक्षांनी ते माझ्यापुढं सरकवलं, सोबत पेनही दिलं.

मी पेनाला हात लावला नाही. पान उचललं आणि माहेरच्या वकिलाच्या पुढ्यात ठेवलं.

"अक्का, आता काय?" तो हळूच म्हणाला.

"ही खालची नवीन ओळ राहिली की तुझी. वाच."

त्यानं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी पानाकडं बोट केलं. त्यानं पान डोळ्यांजवळ धरलं, आणि मी शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावरच सही केली.